जूनचा स्तंभ बरोबर होता

गोव्यात पर्वरीच्या आमच्या ऑफिसात पावसाच्या नोंदींचं काम आलं होतं. आडव्या ओळींत वर्षं, उभ्या स्तंभांत जून ते सप्टेंबर. प्रत्येक महिन्याचा पाऊस स्वतंत्रपणे चढत्या क्रमाने लावायचा, म्हणजे त्या महिन्यापुरतं 'अतिपाऊस' कशाला म्हणायचं ते ठरवता येतं. प्रोग्राम जुना, एपीएल या चिन्हांनी लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेतला. सहकाऱ्याने सॉर्ट केलं, जूनचा स्तंभ पाहिला आणि फाइल पुढे पाठवली. तपासणाऱ्यानेही जूनच पाहिला. पहिला रकाना पाहून सही करायची ही खोड आमच्याकडे फार आहे.

जून चोख होता. जुलैपासून पुढे क्रमाचा पत्ता नाही.

एपीएलमध्ये सॉर्टसाठी वापरायचं ⍋ हे चिन्ह आकडे हलवत नाही, कितव्या जागी कुठली नोंद येईल तेवढं सांगतं. सहकाऱ्याने दिला तसा अख्खा तक्ता हाती दिला की ते ओळींचा क्रम लावतं: आधी पहिला स्तंभ, तिथे बरोबरी झाली तरच दुसरा. (३, ९), (१, १२), (२, ७) या ओळींचं होतं (१, १२), (२, ७), (३, ९). आम्हाला हवं होतं (१, ७), (२, ९), (३, १२). त्यासाठी ⍉ ने स्तंभांच्या ओळी करायच्या, ⍤ लावून एकेक ओळ वेगळी सॉर्ट करायची, मग पुन्हा ⍉. एवढ्यात काम होतं, एकही लूप नाही. केनेथ आयव्हर्सन यांना १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच भाषेच्या कामासाठी. तिला 'चिन्हांचा कचरा' म्हणणाऱ्यांनी एकदा या तीन चिन्हांचं काम नीट पाहावं.

दुरुस्त तक्ता मी पाठवला. दोन दिवसांनी काम देणाऱ्या साहेबांचा फोन.

"बाय, शेवटची ओळ म्हणजे सगळ्यात जास्त पावसाचं वर्ष, बरोबर मगो?"

"नाही सर. तो जून एका वर्षाचा, जुलै दुसऱ्याच. त्या ओळीचं वर्षच नाही."

"मग ओळीत कशाला घातलंत?"

याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. स्तंभ सुटे लावले की ओळ फुटणारच, मागणीच तशी होती. पण तक्ता दिसला की माणूस आडवं वाचतो, आणि (३, १२) हे कधीच न झालेलं वर्ष त्याला खरं वाटतं. ⍋ ने दिलेल्या जागांवरून मूळ वर्ष काढता येतं, म्हणून आता प्रत्येक आकड्याशेजारी मी ते छापते. तक्ता दुप्पट रुंद होतो, छपाईत मावत नाही, अशी सहकाऱ्याची तक्रार आहे. मी वर्ष काढून टाकणार नाही.