अर्थिंग लावलेलं होतं, तरीही

टाकीतून 200 लिटरच्या ड्रममध्ये टोल्यूइन, म्हणजे थिनरसारखं ज्वालाग्राही द्रावक, भरणं चालू होतं. ड्रम निम्मा झाला असेल, ऑपरेटरने वरून टेकवलेलं लोखंडी नोझल जरा सरकवलं आणि तोंडाशी 'भप्प' झालं. पिवळी, काजळी ओकणारी ज्वाळा. त्याने आधी व्हॉल्व्ह बंद केला, मग ड्राय पावडर मारली. आग विझली. पाणी मारलं नाही हे बरं. टोल्यूइनची घनता 0.87, ते पाण्यावर तरंगत, जळतच पसरतं.

चौकशीत पहिलं उत्तर ठरलेलं: "साहेब, अर्थिंग लावलं होतं." होतंच. क्लॅम्प काठाला घट्ट बसला होता, पण रंगावर! मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या पट्टीला आणि दुसरं बुचाच्या उघड्या आट्यांना लावलं, तर रीडिंगच येईना. त्याच जागी रंग खरवडून क्लॅम्प परत लावला, तेव्हा 1 ओहमच्या आत आलं.

टोल्यूइनमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. पाइपातून घासत येताना चढलेला स्थिर विजेचा भार त्याच्यात टिकतो, वरून धार पडली की शिंतोड्यांनी वाढतो. नोझल अर्थ झालेलं, ड्रम अर्थपासून तुटलेला; ठिणगी पडणार ती या दोघांच्या मध्येच. ड्रमची धारिता (भार साठवण्याची क्षमता) 200 पिकोफॅरड धरली, तर 2,000 व्होल्टला 0.4 मिलिज्यूल ऊर्जा साठते. टोल्यूइनची वाफ पेटायला 0.24 पुरतात. एवढी ठिणगी हाताला धड जाणवतही नाही.

कुणीतरी विचारलंच, "हेक्झेन तर याहून ज्वालाग्राही, त्याचे ड्रम कसे कधी पेटले नाहीत?" प्रश्न चांगला होता. 25 अंशांना बंद ड्रममध्ये हेक्झेनची वाफ 20 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि पेटण्याची वरची मर्यादा आहे 7.5. आत हवाच कमी पडते. टोल्यूइनची वाफ भरते साधारण 3.7 टक्के, पेटण्याची कक्षा 1.1 ते 7.1. म्हणजे ऐन मध्यावर. अर्थात तोंडाबाहेर, जिथे हवा मिसळते, तिथे हेक्झेनही तितकंच वाईट.

आता पाइप ड्रमच्या तळापर्यंत जातो. त्याचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत, एक इंची पाइपात मिनिटाला साधारण 30 लिटर. क्लॅम्प टोकदार दातांचे, रंग फोडून पत्र्यात रुतणारे. मीटरवर 10 ओहमच्या वर आलं तर व्हॉल्व्ह उघडायचा नाही. काढताना आधी पाइप, क्लॅम्प सगळ्यात शेवटी. हा क्रम पहिल्या आठवड्यात दोनदा उलटा झाला.