स्लोव्हाकियात मटेरियल टेस्टिंगच्या मीटिंगसाठी इंटरप्रिटर कसा मिळाला - माझा अनुभव

आमच्या चाकणच्या युनिटमधून स्लोव्हाकियात फोर्जिंग, म्हणजे धातू दाबून-ठोकून घडवलेले पार्ट, जातात. एका लॉटच्या इम्पॅक्ट टेस्टवरून (खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडून त्याला किती ऊर्जा लागली ते मोजतात) वाद झाला, आमच्या सर्टिफिकेटवर व्हॅल्यू छान आणि त्यांच्या लॅबमध्ये पार खाली, मग तिथल्या कोशित्से शहरात जाऊन समोरासमोर बोलायचं ठरलं. मॅनेजर लोक इंग्रजी बोलतात हो, पण लॅबमधले जुने टेक्निशियन स्लोव्हाकच बोलणार आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

तिथल्या न्याय मंत्रालयाची अधिकृत दुभाष्यांची यादी ऑनलाइन बघता येते, पण त्यात माणूस भाषेवरून सापडतो, मेटलर्जी कळते की नाही ते नाही समजत. कोर्टाचं काम असेल तर असा शिक्केवालाच लागतो, आम्हाला ती गरज नव्हती. एका एजन्सीने टेक्निकल म्हणून एक बाई सुचवल्या, इंग्रजी सुंदर, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की मी मशीनची मॅन्युअल्स करते, मटेरियल्स नाही. असं स्पष्ट सांगणारी माणसं मला फार आवडतात.

कोशित्से म्हणजे स्टील प्लांटचं गाव, तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मटेरियल्स आणि मेटलर्जीची वेगळी फॅकल्टी आहे. तिकडे मेल टाकली आणि तिथूनच एक ताई मिळाल्या, आधी मेटलर्जी शिकलेल्या, मग दुभाषी झालेल्या. व्हिडिओ कॉलवर रिपोर्टचं एक पान दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, नॉच, म्हणजे सॅम्पलवरची खाच, व्ही की यू? तिथेच ठरवून टाकलं.

ड्रॉइंग, सर्टिफिकेट, स्टँडर्डचे नंबर सगळं आधीच पाठवलं. युरोपियन स्टँडर्डचा नंबर तिकडेही तोच, फक्त पुढे एसटीएन, म्हणजे स्लोव्हाक स्टँडर्डची खूण, लागतं, त्यामुळे शब्दांची यादी करायला सोपं गेलं. मीटिंगमध्ये प्रत्येक आकडा ताई वहीत लिहून दोन्ही बाजूंना दाखवायच्या, कारण तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात, शून्य पूर्णांक पंचेचाळीस म्हणजे ०,४५.

आणि मग टेक्निशियन काका सहज बोलून गेले की सॅम्पल आडवं कापलंय. ताईंनी तिथेच थांबवून विचारलं, ग्रेन फ्लोला, म्हणजे फोर्जिंग करताना धातूचे कण ज्या दिशेने ओढले जातात तिला, आडवं का? हो म्हणाले. आमचं सॅम्पल उभं, फ्लोच्या दिशेने काढलेलं! आडव्या सॅम्पलची इम्पॅक्ट व्हॅल्यू कमी येणारच, इतक्या मेल झाल्या पण हे कुठेच आलं नव्हतं. त्याच टेबलावर नवीन सॅम्पल उभं कापायचं ठरलं, आणि आता ड्रॉइंगवर सॅम्पलची दिशा लिहूनच जाते.