'ढोली'ची नोंद : नवतपा ते रोवणी

मागची नोंद लिहिली तेव्हा होळी जवळ आली होती आणि 'ढोली' ४१ हजार शब्दांवर होती. आज ती ३३ हजारांवर आहे. मी याला प्रगती म्हणतो, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ही तेरा ते सतरा वयाच्या पोरापोरींसाठीची काळी, गॉथिक वळणाची, म्हणजे जुन्या वास्तूत मुरलेल्या भीतीची कादंबरी आहे. भंडारा जिल्ह्यात जुन्या मालगुजाराचा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जमीनदाराचा वाडा. साल १९९६, कारण मोबाइल असला की अंधाराची निम्मी हवा जाते. पंधरा वर्षांची जाई सुट्टीत तिथं येते. माजघरात वापरात नसलेली एक ढोली, म्हणजे धान साठवायची मोठी कणगी, उभी आहे आणि दर अमावस्येला आजी तिच्यात मूठभर धान टाकते. ते धान कुणी काढत नाही, खात नाही, का टाकायचं तेही कुणी सांगत नाही.

गेलेले आठ हजार शब्द बहुतेक धुक्याचे होते. पहिल्या खर्ड्यात माझ्या वाड्याभोवती सतत धुकं, दारं आपोआप करकरायची, वारा घुमायचा. पहिली वाचक माझी नववीतली भाची. तिनं तीन प्रकरणं वाचली आणि वही परत केली. "मामाजी, इतकं धुकं आपल्या गावात कधी पडते? अन् मे महिना चालू आहे तं तुमची जाई शाल कायले पांघरते?"

उत्तर नव्हतं. आपल्याकडे धुकं पडतं ते धानकापणीच्या दिवसांत, पहाटे, आणि उन्हं वर आली की पळून जातं. मी ते विलायती पुस्तकांतून उचलून आणलं होतं. त्या पुस्तकांना ते शोभतं, कारण ते त्यांच्या घरचं आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख-धूळ वर पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ च्या जूनमध्ये मेरी शेली जिनिव्हा सरोवराच्या काठी पावसानं घरात अडकली होती. मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली आणि 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुरुवात तिथं झाली. तेव्हा तिचं वय १८. आपल्या वाचकांपेक्षा जेमतेम वर्षभरानं मोठी!

म्हणजे भीतीच्या गोष्टीला हवामान लागतं ते माणसांना घरात कोंडायला. आपल्याला कोण कोंडतं? पाऊस नाही. पावसात तर आख्खं गाव धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात असतं. आपल्याला कोंडतं ते ऊन.

म्हणून नवतप्यात, म्हणजे मे अखेरीला सुरू होणाऱ्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, एक प्रयोग केला. नात्यातला एक वाडा बंद पडून आहे, त्याची किल्ली मागून घेतली आणि तीन दिवस दुपारी बारा ते चार तिथं वही घेऊन बसलो. (घरचे म्हणाले, याले उन्हाचं लागलं.) पहिल्या दिवशी काहीच सुचलं नाही, नुसता घाम. दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता शेजारच्या घराची लाईन गेली. तोवर त्यांचा कुलर घरघरत होता हे माझ्या लक्षातही नव्हतं. तो बंद पडला आणि त्याच्या ताटीतून पाणी ठिबकायचा आवाज भिंतीपलीकडून येऊ लागला. एकेक थेंब, मग लांबत गेलेला थेंब, मग काहीच नाही. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाली धरून पडलेलं. आणि डोक्यावर छपराचं एक कवेलू सरकलं. माकड असेल, मांजर असेल. मी वर पाहिलं नाही. पाहवलं नाही म्हणा.

लहानपणी आम्हाला रात्रीची भीती कमी घालत, 'भर दुपारी वडाखालून जाऊ नको' हे जास्त ऐकलं. माझी आजी म्हणायची, "रातचं भूत दिसते तरी. दुपारचं उजेडात मिसळून रायते." हे वाक्य जसंच्या तसं चौथ्या प्रकरणात गेलंय.

त्या वाड्यात खरीखुरी ढोली सापडली हे बक्षीस. बांबूच्या कमच्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, माझ्या खांद्याहून उंच. खाली धान काढायचं भोक, त्यात चिंधीचा बोळा अजून कोंबलेला. पाटावर चढून आत डोकं घातलं. जुन्या कोंड्याचा वास, जरा आंबूस. मला वाटलं होतं आवाज घुमेल, म्हणून "ओ" म्हटलं. घुमला नाही. शेणमातीनं तो गिळला. स्वतःचा श्वास मात्र गरम होऊन तोंडावर परत येत होता, जणू खालून कुणी सोडतंय. माझ्या खर्ड्यात ढोलीतून हाका यायच्या. सगळ्या खोडल्या. आता फक्त श्वास आहे, आणि तो जाईचा स्वतःचाही असू शकतो.

आता सगळ्यात मोठा घोळ. कथेच्या मुळाशी एक कागद आहे: जाईच्या आजोबांच्या बहिणीचं हक्कसोडपत्र. मी ते थाटात ३१ मार्च १९५१ चं लिहिलं होतं, कारण त्या दिवशी मालगुजारी सरकारजमा झाली. तलाव गेले, म्हणून तर त्यांना आज माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात. मला तारखेचा मोह झाला. ओळखीच्या एका निवृत्त तलाठी काकाजींना प्रकरण वाचून दाखवलं. ते सुपारी कातरता कातरता थांबले. "बापू, भाऊ जिवंत असताना तवा त्या बाईचा हिस्साच नव्हता. मंग हक्क सोडून कायचा घेतला?"

सहा प्रकरणं आडवी. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला १७ जून १९५६ ला, आणि त्यानंतर वारलेल्या बापाच्या वाट्यात मुलगीही वारस झाली. म्हणजे बाप १९५७ साली मारायला हवा आणि कागद १९५८ चा हवा. मारला. उलट त्यामुळे गाठ घट्ट बसली: आधी जिची कुणाला अडचण नव्हती, ती बहीण एका कायद्यानं अडचण झाली.

काकाजींनी दुसरा धक्का दिला. माझ्या कथेत कागद होतो तेव्हा ती बहीण मेलेली असते. "रजिस्ट्रीले माणूस हजर लागते. मेलेली बाई कशी आणसान?" मी गप्प. तेच पुढे म्हणाले, "पदर ओढून दुसरी उभी करत असन कोणी." तिथंच माझी कादंबरी सापडली. जाईला पेटीत आत्याआजीची चौथीची वही मिळते, तिच्यावर वळणदार सही. आणि हक्कसोडीवर अंगठा. सही करता येणारी बाई अंगठा का लावेल? पदराआड कोण होतं ते इथं फोडत नाही. पण अमावस्येची मूठ कोण टाकतं ते वर लिहिलेलं आहे.

कुणी म्हणेल, सातबारा-फेरफाराचं हे गॉथिक कसलं. या प्रकाराची सुरुवातच मुळी तिथली आहे. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ ची. लग्नाच्या दिवशी भलंमोठं शिरस्त्राण पडून राजाचा मुलगा चिरडतो, हे सगळे सांगतात. शेवटी निघतं काय? त्या राजाच्या, मॅनफ्रेडच्या आजोबानं धन्याला विष घालून खोट्या मृत्युपत्रावर किल्ला घशात घातला होता. इस्टेटीचं भांडण! वॉलपोलनं तर पहिल्या आवृत्तीत स्वतःचं नावही लपवलं, जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून खपवली. खोटा कागद आत, खोटा कागद बाहेर.

सध्या अडलोय बाराव्या प्रकरणात, ढोली उघडायची का यावर. जुनी गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ हिचा एक लेख तिच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापला गेला. त्यात ती धास्ती आणि भयाण दर्शन यांत फरक करते: धास्तीनं मन ताणून जागं होतं, दुसऱ्यानं आखडून गोठतं. धास्तीला अंधुकपणा लागतो. मला पटतं. भाचीला पटत नाही. तिचं म्हणणं, "तीनशे पानं वाट पाहायला लावली अन् आत काहीच दाखवलं नाही तं मी वही फेकून देईन." झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत पहाटे तीनला जागं राहणारं पब्लिकही तिच्याच बाजूनं उभं राहील, हे मला माहीत आहे. तूर्त तडजोड: ढोली फुटते, पण जाईला दिसतं ते फक्त अडतीस वर्षं साठलेलं धान. आणि त्यात उमटलेला आकार.

संवाद झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या बोलीत, निवेदन प्रमाण मराठीत, हे ठरलं. आधी सगळंच बोलीत लिहून पाहिलं, पण माझंच मला खोटं वाटलं.

धानाचे पऱ्हे (रोपं) वर आलेत, आठवड्याभरात रोवणी (लावणी) लागेल. तोवर एवढंच होईल. एक मदत हवी: ज्यांच्या घरी मोठी ढोली अजून उभी आहे त्यांनी सांगा, साफ करायला माणूस वरून उतरायचा तेव्हा बाहेर कसा यायचा? शिडी असायची, की कुणीतरी हात द्यावा लागायचा?