बुटातलं बटण

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये पाय बघायच्या आधी बूट बघायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात एका सीनियर सिस्टरने शिकवलं. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या माणसाला खडा टोचत नाही, खिळा टोचत नाही, बुटाचं फाटलेलं अस्तरही जाणवत नाही. त्याला विचारून उपयोग नसतो. बुटाला विचारावं लागतं.

त्या दिवशी काकांचा उजवा बूट मी ट्रेवर उलटा करून झटकला आणि टक् करून एक बटण पडलं. शर्टाचं, पांढरं, चार भोकांचं.

काका पुढे झुकून बघायला लागले. "अरे, हे इथं होतं होय! आठ दिवस शोधतोय मी."

आठ दिवस ते त्या बटणावर चालत होते.

मोजा तळव्याला चिकटला होता. सलाइनने भिजवून, थोडा थोडा सोडवत काढला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या उंचवट्यावर जखम होती, जवळजवळ बटणाएवढीच गोल. कडेने घट्ट्याची पांढरी, जाड रिंग आणि मध्ये पिवळसर ओल. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत निवांत बसले होते. मी जखमेला हात लावतेय हे त्यांना मी सांगितल्यावरच कळलं. दुखणं ही केवढी मोठी देणगी आहे, हे या खोलीत रोज नव्याने कळतं.

पण मला त्या क्षणी जखमेपेक्षा दुसरंच काहीतरी आठवत होतं. दीड महिन्यापूर्वी याच खुर्चीत बसवून मीच त्यांचे पाय तपासले होते. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा असतो आमच्याकडे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, तळव्यावर ठरलेल्या जागी तो टेकवायचा, जाणवलं की त्याने "हो" म्हणायचं. दहा जागांपैकी काका दोनदा "हो" म्हणाले होते. मी त्यांना पाठ असलेलं सगळं सांगितलं: रोज रात्री तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा, घरातही अनवाणी चालू नका, बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपा.

ते म्हणाले होते, "सिस्टर, मला वाकता येत नाही. डोळ्यांना नीट दिसतही नाही. आणि घरी मी एकटाच असतो."

बाहेर रांग होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देव काळजी घेईल काका. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." आणि माहितीपत्रक हातात दिलं. नीट न दिसणाऱ्या माणसाच्या हातात, बारीक अक्षरांचं.

प्रार्थना मी केली होती. त्या रात्री गुडघे टेकून, त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून केली. ती खोटी नव्हती. पण खोलीत उच्चारलेलं ते वाक्य मी कशासाठी वापरलं होतं, हे बटण बघितल्यावर लख्ख कळलं. त्या वाक्याने मी संभाषण संपवलं होतं. बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमक्या अशाच माणसाबद्दल लिहिलं आहे: समोर उघडी, उपाशी बहीण किंवा भाऊ उभा असताना जो सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा असं म्हणतो आणि देत मात्र काहीच नाही. लहानपणापासून हा उतारा ऐकत आले, पण तो माणूस मला नेहमी दुसराच कुणीतरी वाटायचा.

पाणी कोमट केलं, कोपराने तपासलं आणि दोन्ही पाय धुतले. डॉक्टरांनी येऊन घट्टा काढला, जखमेत सळई घालून खोली पाहिली. हाडापर्यंत पोचली नव्हती. ते ऐकल्यावर मी किती वेळाने श्वास सोडला, मलाच ठाऊक.

सोबतची सिस्टर कौतुकाने म्हणाली, "अगदी येशूसारखे पाय धुतलेस." तिला मी काही बोलले नाही. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातली एक बारीक गोष्ट मला फार जवळची वाटते. येशूने कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं, शिष्यांचे पाय धुतले, हे सगळ्यांना आठवतं. योहानाने पुढचंही लिहून ठेवलं आहे की कमरेच्या त्या रुमालाने त्याने ते पुसले. पाय धुणं सोपं असतं. बेचक्या एकेक उघडून कोरड्या करायला वेळ लागतो, आणि घाईत आपण तेच टाळतो. ओल राहिली की कातडी भिजून फुटते. मी काकांच्या दहाही बोटांच्या बेचक्या पुसल्या, तेव्हा बाहेरची रांग डोक्यातून गेली होती.

ड्रेसिंग झालं, जखमेवर भार येऊ नये म्हणून वेगळं पादत्राण दिलं. पण प्रश्न तिथेच होता. रोज रात्री हे पाय कोण बघणार?

मला अशा वेळी डॉ. पॉल ब्रँड आठवतात. हे ख्रिस्ती शल्यविशारद 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात, अशी तेव्हा समजूत होती. संवेदना गेल्यामुळे इजा कळत नाही आणि त्या न कळलेल्या इजांमुळे बोटं जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून नाहीशी व्हायची. मग रात्री पहारा ठेवला, तेव्हा दिसलं की उंदीर बधिर बोटं कुरतडतात आणि झोपलेल्याला जागही येत नाही. त्यावर त्यांचा उपाय होता मांजर. रुग्णांनी मांजरं पाळायची. पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांसाठीही त्यांनी हेच ज्ञान वापरलं. आज मी बूट उलटा करते त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत. देवाच्या प्रीतीबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण त्या मांजराइतकं मनात काही रुतून बसलेलं नाही. कुणीतरी रात्रभर जागून नीट बघितलं, म्हणून ते सुचलं.

मी काकांना विचारलं, "आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी रोज संध्याकाळी येऊन पाय बघून गेलं तर चालेल का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देवाबद्दल सांगायला येणार असतील तर नको. पाय बघायला येणार असतील तर येऊ द्या."

"फक्त पाय," मी म्हणाले. शब्द दिला.

त्याच संध्याकाळी प्रार्थनासभा होती. पाळकांनी विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले. नाव, आजार काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की वाकता येईल, नजर चांगली असेल आणि रोज दहा मिनिटं देता येतील अशी माणसं हवी आहेत. एका ज्येष्ठ भावांनी विचारलं, "ते आपल्यातले आहेत का?"

"मी विचारलं नाही," मी म्हणाले. सभा जरा वेळ शांत झाली. मग तिघांनी नावं दिली, आणि त्यात विचारणारे ते भाऊही होते.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी तिघांना बसवून शिकवलं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. रंग क्षणभर फिका पडला नाही तर मला कळवा. बेचक्यांना मलम लावायचं नाही. घट्टा घरी कापायचा नाही. आणि बुटात हात घालायचा, रोज.

वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट आपण बहुतेक वेळा पट्टी बांधण्यापाशी थांबवतो. ती लिहिणारा लूक तिथे थांबत नाही. शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. परत येणार होता तो. दीड महिन्यापूर्वी माझ्या बाजूने राहिलं होतं ते हेच.

काकांची जखम भरायला बरेच आठवडे लागले. मध्ये एकदा ती पुन्हा चिघळली, कारण घरात दोन पावलं म्हणून ते अनवाणी चालले होते. मी रागावले. त्यांनी ऐकून घेतलं.

परवा रात्री त्या ज्येष्ठ भावांचा फोन आला. "सिस्टर, उजवा ठीक आहे. पण डाव्या टाचेला लाल दिसतंय. दाबलं तरी जात नाही."

"बूट तपासलात?"

"तपासला. आतली शिवण उसवली आहे, दोऱ्याची गाठ वर आली आहे."

"तो बूट आता घालू देऊ नका. टाच उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. सकाळी आठला घेऊन या."

मागून काकांचा आवाज आला, "तिला सांगा, मी आज अनवाणी चाललो नाही."