दाढीचा साबण कुठला घेऊ?

साबणाच्या मगात ब्रश फिरवून दाढी करायला नुकताच लागलेला, किंवा लागू पाहणारा, जो कोणी भेटतो तो मला हेच विचारतो. रेझरबद्दल त्याने आधीच भरपूर वाचलेलं असतं, ब्लेडची दोन-चार पाकिटं आणून झालेली असतात, ब्रश कोणीतरी भेट दिलेला असतो. साबणापाशी गाडी अडते. मी एक नाव सांगावं आणि त्याने ते लिहून घ्यावं, एवढीच अपेक्षा असते. पण मी नाव सांगत नाही. तुमच्या नळाला पाणी कसं येतं, असं उलट विचारतो.

या प्रश्नाने माणूस गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दाढीचा फेस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं पाणी. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटं नीट भिजला की तो फुगतो, मऊ पडतो आणि ब्लेडला फारसा अडवत नाही. नुसतं तोंड धुतलं तर पाणी ओघळून जातं; अर्धी दाढी होईपर्यंत दुसरा गाल सुकलेला असतो. साबणाचं पहिलं काम ते पाणी केसाला चिकटवून ठेवायचं. दुसरं काम बुळबुळीतपणा. ब्लेड आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ, निसरडा थर राहिला पाहिजे, आणि तो ब्लेड फिरून गेल्यावरही थोडा उरला पाहिजे. गालावर ढगासारखा उभा राहिलेला फेस दिसायला छान, पण ब्लेड तो वरच्या वर ढकलून नेतं. कामाला येतो तो कातडीला लागून असलेला थर.

हे बघायची सोपी रीत आहे. ब्लेडचा एक पट्टा ओढून झाला की त्या मोकळ्या जागेवरून ओलं बोट फिरवा. बोट सरकलं तर साबण चांगला. बोट अडखळलं, कातडी स्वच्छ घासलेल्या काचेसारखी करकरली, तर तिथे दुसऱ्यांदा ब्लेड फिरवताना आग होणारच.

मला स्वतःला हे कळायला बराच काळ गेला. बदली झाली, घर बदललं, आणि सहा वर्षं जो साबण बिनतक्रार वापरला तोच एकाएकी बिघडल्यासारखा वागू लागला. मगात फेस चढायचा, गालावर लावेपर्यंत ठीक असायचा, आणि डावी बाजू संपवून उजवीकडे वळेपर्यंत विरून कातडीवर पांढुरकी पापडी उरायची. मानेवर रोज लाल ठिपके. वडी जुनी झाली असेल म्हणून नवी आणली. ब्लेड बदललं. मग साबणच बदलला, फरक शून्य. दोन महिने असेच गेले. एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. इस्त्रीत घालायला आणलेली डिस्टिल्ड वॉटरची बाटली होती, तीच उघडली. त्याच जुन्या वडीवर ब्रश फिरवला आणि पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्यांतच तो दाट, चकाकणारा फेस परत आला. मी ब्रश हातात धरून तसाच थोडा वेळ उभा राहिलो. साबणाचा काही दोष नव्हता, माझं पाणी बदललं होतं.

शाळेत आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकलेलो असतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते प्रकरण दाढीच्या मगात रोज घडत असतं. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणातल्या मेदाम्लाशी जुळतात आणि न विरघळणारी मळी तयार होते. बादलीच्या आतल्या बाजूला जो राखाडी थर बसतो तोच हा. लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा, म्हणजे हे क्षार, असेल तर ते पाणी फारच जड समजतात, आणि अशा पाण्यात तुम्ही घेतलेल्या साबणाचा बराचसा भाग फेस होण्याआधीच वाया जातो. उकळून थोडा फरक पडतो, पण तो बायकार्बोनेटमुळे आलेल्या कठीणपणापुरताच. सल्फेट आणि क्लोराइडचा कठीणपणा उकळून जात नाही. म्हणून जड पाणी असेल तर एक कपभर डिस्टिल्ड पाणी वेगळं ठेवा. दाढीच्या फेसाला तेवढं पुरतं, तोंड धुवायला नळाचं चालतं. साबण महाग घेण्यापेक्षा या एका कपाने जास्त फरक पडतो, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगतो.

पाण्याचा निकाल लागला की मग वेष्टन उलटं करा. वास नंतर. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली तरी पुरे. तिथे स्टिअरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम स्टिअरेट असं काही दिसलं की साबण दाढीसाठीच बनवलाय असं धरायला हरकत नाही. स्टिअरिक हे अठरा कार्बनचं लांब मेदाम्ल. त्याचे बुडबुडे बारीक, दाट आणि टिकाऊ असतात. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, ते बारा कार्बनचं. त्याचा फेस झटकन फुलतो, बुडबुडे मोठे होतात आणि तितक्याच झटकन बसतात. प्रमाण जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. थोडं खोबरेल हवं, नाहीतर फेस उठायलाच वेळ लागतो, पण मुख्य भार स्टिअरिकवर हवा.

दुसरी गोष्ट तेलाचा साबण करणाऱ्या अल्कलीची. कॉस्टिक सोड्याने बनलेला साबण घट्ट, टणक होतो. कॉस्टिक पोटॅशने बनलेला मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा. अंघोळीची वडी बहुतेक सोड्याची असते, म्हणून ती ओल्या जागी पडूनही टिकते. दाढीच्या साबणात दोन्ही मिसळतात: पोटॅशमुळे ब्रशला साबण पटकन लागतो, सोड्यामुळे वडी मगात उभी राहते. म्हणूनच ‘अंघोळीचाच साबण घासला तर काय बिघडतं?’ असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. एखाद्या दिवशी अडचण भागेल. रोज नको. त्याचा फेस पाणी धरत नाही.

चरबीचा की वनस्पती तेलाचा, हा वाद मी घालत नाही. प्राण्यांच्या चरबीत स्टिअरिक आणि पामिटिक ही दोन्ही मेदाम्लं भरपूर असतात, त्यामुळे जुने नावाजलेले साबण बहुतेक चरबीचे होते. ‘स्टिअर’ हा मूळ ग्रीक शब्दच चरबीचा. पण वेगळं काढलेलं स्टिअरिक घालून वनस्पती तेलांचाही उत्तम साबण बनतो. ज्यांना चरबी नको असेल त्यांनी ‘टॅलो’ हा शब्द टाळावा, एवढंच. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे काही जुन्या साबणांनी नाव तेच ठेवून आतलं मिश्रण बदललंय. तेव्हा दहा वर्षांपूर्वी कोणी केलेल्या स्तुतीवर जाऊ नका, आजच्या वेष्टनावरची यादी वाचा. यादीत ग्लिसरिन असेल तर उत्तम, ते पाणी ओढून धरतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, असेल तर दाढीनंतर कातडी मऊ राहते. इंग्लंडातल्या मिचेल्स वूल फॅटची ओळख याच घटकामुळे आहे. लोकरीची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी मात्र सांभाळून.

आता मगाचं. मलईसारखी ट्यूबमधली क्रीम येते, तुर्कस्तानच्या आर्कोसारखी थेट ओल्या गालावर घासायची कांडी येते, आणि गोल वडी येते. तुमच्याकडे मग असेल तर वडी घ्या. घेताना मगाचा आतला व्यास मोजून घ्या. हे कोणीच करत नाही. वडी लहान पडली तर ब्रशबरोबर ती गोल गोल फिरते, कडेने पाणी खाली उतरतं आणि तळाशी साबणाचा चिकट चिखल होतो. रोलरमधून तीनदा काढलेली वडी टणक असते, महिनोन्‌महिने जाते, पण ब्रशला साबण द्यायला वेळ लावते. तिला डुकराच्या केसांचा ताठ ब्रश चांगला. मऊ ब्रश असेल तर मऊ साबण. याहून जास्त विचार ब्रशचा करू नका.

टणक वडीला मी असा हात लावतो. आंघोळीला जाण्याआधी वडीवर दोन चमचे कोमट पाणी घालतो. परत येईपर्यंत ते पाणी दुधाळ झालेलं असतं आणि वडीचा वरचा पापुद्रा बोटाला मऊ लागतो. ते दुधाळ पाणी टाकून द्यायचं नाही, ओंजळीत घेऊन दाढीवर चोळायचं. मग भिजवलेला ब्रश झटकून वडीवर फिरवायचा. आधी मोठमोठे बुडबुडे येतात. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि साबणाला नावं ठेवतात. थांबू नका. आणखी अर्धा मिनिट फिरवलंत की बुडबुडे नाहीसे होतात आणि ब्रशच्या टोकांना घट्ट लगदा चिकटतो. तो गालावर नेऊन ब्रशची नुसती टोकं पाण्यात बुडवायची, फिरवायची, पुन्हा बुडवायची. कोरडा, मळकट पांढरा दिसणारा फेस एका क्षणी ओल्या तैलरंगासारखा चकाकतो. तिथे पाणी थांबवायचं. साबण बदलायच्या आधी आठ दिवस हे करून बघा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक इथेच मिटल्या आहेत.

वासाबद्दल थोडं कडकच बोलतो, कारण यात लोकांना त्रास झालेला मी पाहिलाय. खरा साबण अल्कधर्मीच असतो, पीएच साधारण ९ ते १०. कातडीचा ५ च्या आसपास. त्यात ब्लेडने वरचा थर थोडा खरवडलेला. अशा कातडीवर तीव्र सुगंध म्हणजे आगीला वारा. यादीच्या शेवटी लिनलूल, लिमोनीन अशी सुगंधद्रव्यांची नावं असतील आणि तुमची कातडी नाजूक असेल, तर बिनवासाचा साबण घ्या. मेंथॉलचा गारवाही फसवा असतो. इटलीच्या प्रोरासो साबणाच्या हिरव्या डबीत निलगिरी आणि मेंथॉल आहे, अनेकांना त्याशिवाय सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. पण नाजूक कातडीसाठी त्यांचीच पांढरी डबी वेगळी आहे, ती उगाच नाही. माझ्या मानेला मेंथॉल चालत नाही. गाल मात्र कुरकुरत नाहीत.

शेवटी निवड ठरवते ती तुरटी. दाढी झाली, थंड पाण्याने तोंड धुतलं की ओली तुरटी सगळीकडून फिरवा. जिथे झोंबेल तिथे साबणाने ब्लेडला अडवलं नाही, किंवा तुमचा हात जड पडला. हात तोच, ब्लेड तेच, पाणी तेच ठेवून एकच साबण पंधरा दिवस वापरा आणि तुरटी कुठे झोंबते ते रोज बघा. मग येऊन मला सांगा, पाणी कसं आहे आणि मानेवर नेमकं कुठे झोंबलं. नावाचं तेव्हा बोलू.