पळायला निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे

डिसेंबर लागला की टोरांटो, शिकागो, न्यू जर्सीकडे नव्याने गेलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "बाहेर उणे ५ आहे, पळायला काय घालून जाऊ?" तुम्हीही विचारलंत म्हणून हे सविस्तर. नाशिक-पुण्याहूनही हाच प्रश्न येतो, पण त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. निफाडचा पारा ५ अंशांखाली घसरल्याची बातमी आली तरी पूर्ण बाह्यांचा ड्राय-फिट टीशर्ट, खाली टाइट्स आणि पातळ हातमोजे पुरतात. स्वेटर आणि माकडटोपी पर्वती चढणाऱ्या आजोबांना लखलाभ.

उणे ५ ला लोक कुडकुडतात ते बहुतेक वेळा कपडे जास्त झाल्यामुळे. जास्त कपडे म्हणजे जास्त घाम, आणि ओल्या कपड्यांतून अंगातली ऊब भराभर निघून जाते. म्हणून हिशोब असा करा: असलेल्या तापमानात १० अंश मिळवायचे (फॅरनहाइटमध्ये २०) आणि तेवढ्या तापमानात नुसतं फिरायला जाताना जे घालाल, तेच घालायचं. पहिली दहा मिनिटं थंडी वाजेल. दारातच उबदार वाटलं तर एक थर घरी काढून ठेवा.

सगळ्यात मोठा घात करतो तो सुती बनियन. वर महागडं जॅकेट आणि आत सवयीने बनियन, हे फार दिसतं. वीस मिनिटांत तो पाठीला चिकटतो, घाम धरून ठेवतो, आणि सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की बर्फाची पट्टी लावल्यासारखा लागतो. अंगालगत पॉलिस्टर किंवा मरिनो लोकरीचा, घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा थर हवा. त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट, पुढून वारारोधक आणि पाठीला जाळी असलेलं मिळालं तर उत्तम. चेन मात्र पुरती उघडणारी हवी: चढावर खाली, उतारावर वर. उणे १० च्या खाली या दोहोंच्या मध्ये पातळ फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापडाचा थर). पिसांचं फुगीर जॅकेट पळण्यासाठी नाहीच.

पाय स्वतःच ऊब तयार करतात, तिथे एक जाडसर टाइट्स पुरते. पुरुषांनी पुढून वारारोधक कापड असलेली अंतर्वस्त्रं घ्यावीत. हसू येतं, पण समोरून वारा आला की येत नाही.

हात, कान आणि नाक मात्र जपायचे. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त उबदार. अर्धी उष्णता डोक्यातून जाते हे खरं नाही, पण कान झाकणारी पातळ टोपी लागतेच. गळ्यात बफ (नळीसारखा ताणणारा कापडी पट्टा) घाला, वारा आला की नाकावर ओढता येतो. मोजे मरिनोचे, आणि एकच जोड. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात.

कपड्यांइतकंच महत्त्व वाऱ्याच्या दिशेला. उणे ५ ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उणे १३ असल्यासारखं लागतं. म्हणून जाताना वाऱ्याला तोंड द्या आणि येताना पाठ. उलटं केलंत तर घामेजलेल्या अंगावर परतीचा सगळा वारा घ्यावा लागेल.

साडेचारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा चमकणारा पट्टा हवाच. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा, गारठ्यात बॅटरी अचानक मान टाकते. घरी आल्यावर स्ट्रेचिंग नंतर. आधी अंगालगतचा ओला कपडा बदला.

वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिल.