सकस खा, ताण घेऊ नका: हा सल्ला नेमका कोणासाठी?

आमच्या बीड जिल्ह्यात तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसले, की "अंगात रक्त कमी आहे, पालेभाज्या, डाळी, फळे खा आणि ताण घेऊ नका" हे शब्द कानांवर पडतातच. सल्ला चुकीचा नाही. मात्र ज्या बाईला तो दिला जातो तिच्या हाती त्यातले काहीच नसते, आणि पुढच्या खेपेला रक्त वाढलेले दिसले नाही की दोष तिच्याच माथी येतो. गरिबाचे आजारपण म्हणजे त्याच्या अज्ञानाचे फळ, ही समजूत मला मनापासून खटकते.

ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ मजुरी) बहुधा गाव सोडण्याआधीच जुन्या देण्यात, लग्नात किंवा औषधपाण्यात संपलेली असते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. पहाटे अंधारात थापलेल्या भाकरी आणि चटणी दुपारी फडातच खायची, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर पुन्हा चूल पेटवायची, असा बाईचा दिवस असतो. पाळीच्या दिवसांतला खाडाही तिला परवडत नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत आमच्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले, तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे शस्त्रक्रियेपूर्वी कितीजणींना समजावून सांगितले गेले असेल?

देणे फिटेल की नाही, पाऊस पडेल की नाही, ही काळजी शरीरातही काम करत असते. संकट आले की कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके रक्तातील साखर व रक्तदाब वाढवतात. संकट टळले की ते ओसरावेत, अशी रचना आहे. जिथे संकट वर्षानुवर्षे टळतच नाही, तिथे रक्तवाहिन्या, झोप आणि रोगप्रतिकारशक्ती झिजत जातात. साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात दाखवून दिले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे जमेस धरूनही हा फरक पूर्णपणे उलगडत नव्हता. ती माणसे उपाशी नव्हती, बेकारही नव्हती. मग उचलीखाली दबलेल्या माणसाचे काय होत असेल?

उपासमारीचा परिणाम तर एका पिढीत संपतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. ही बाळे हडकुळी असली तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारी ठेवण तिथूनच सुरू होते. ऊसाच्या फडात गरोदरपण काढणाऱ्या आईच्या बाळाला चाळिशीत साखर निघाली, तर त्याचे कारण केवळ त्याच्या चहातल्या साखरेत शोधणे अन्यायाचे आहे.

अन्न हेही औषध आहे, याचा पुरावा झारखंडमध्ये मिळाला. तिथे क्षयरुग्णांच्या घरातील प्रत्येकाला दरमहा धान्य आणि डाळ असा शिधा दिला, तेव्हा त्या कुटुंबांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मात्र मराठवाड्यासह शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून मिळणारे स्वस्त धान्य थांबवून २०२३ मध्ये माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर देण्याचा निर्णय झाला. देणेकऱ्यांनी वेढलेल्या घरात पैशाला वाटा फार असतात, धान्य निदान शिजवून पोटात जाते. म्हणून क्षयरुग्ण, गर्भवती आणि लहान मुले असलेल्या घरांना डाळ-तेलासह वस्तुरूपाने शिधा मिळावा, आणि तोडणीच्या हंगामात तो कोपीपर्यंत पोहोचावा, ही माझी मागणी आहे.